कुमुदताईंच्या गाडीची सुई

माझं घर काशीत दुर्गाघाटावर आहे आणि आमच्या गल्लीत मोटार येत नाही. मोटार सोडा, समोरून सांड आला तर माणसाला कुणाच्या तरी ओट्यावर चढून त्याला वाट द्यावी लागते. अशा गल्लीत, पिढ्यान्‌पिढ्या याज्ञिकी चालत आलेल्या घरात जन्मून मी मोटार मेकॅनिक झालो. गेली तेहतीस वर्षं मी रोज सकाळी पायऱ्या चढून वरच्या मोठ्या रस्त्यावर जातो, तिथे लावलेली स्कूटर काढतो, गंगेवरचा पूल ओलांडून रामनगरच्या माझ्या गॅरेजात पोचतो आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परत येतो.

त्या काळ्या हातांसाठी घराबाहेर एक वेगळा नळ आहे. तिथे साबण आहे, राख आहे, नारळाची शेंडी आहे. तरीही नखांतलं काळं निघत नाही, म्हणून पूजेच्या तांब्याच्या लोटीला मी हात लावत नाही. हे मला कुणी रागावून सांगितलेलं नाही; ती आमच्या घरची रीत पडली आहे. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, आज शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची कामं करतात. कुणी मुलाची चौकशी केली तर अण्णा म्हणायचे, "धाकटा रामनगरला असतो." बस, एवढंच. ऐकणाऱ्याला वाटावं, मी तिथे काशीच्या राजाच्या किल्ल्यात दिवाणजी आहे.

मी मात्र माझ्या कामाबद्दल असा आडून बोलत नाही. मी चांगला मेकॅनिक आहे आणि हे मलाच सांगावं लागतं, कारण आमच्या धंद्यात गाडी नीट झाली की माणूस सहा महिने तोंड दाखवत नाही आणि नाही झाली तर दुसऱ्या दिवशी दारात उभा असतो. त्यातही इंजिन तापण्याची तक्रार असेल तर या शहरातले चार मेकॅनिक गाडी माझ्याकडे पाठवतात. मे महिन्यात दशाश्वमेधाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या तासन्‌तास एका जागी उभ्या असतात, तेव्हा माझ्याकडे कामाला तोटा नसतो.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात सतत जाळ चालू असतो आणि त्याच्याभोवती पाणी खेळत असतं. हे पाणी जाळाची उष्णता घेऊन पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, तिथे गार होतं आणि परत आत जातं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचं एक लहानसं दार असतं. इंजिन गार असेपर्यंत ते बंद राहतं, तापलं की आपोआप उघडतं. पाणी किती गरम आहे हे सांगायला चालकासमोर एक सुई असते. ती चढून मध्याच्या जरा खाली येऊन थांबली की सगळं ठीक. ती वरखाली करायला लागली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो.

एका टॅक्सीवाल्याने सुईवर बजरंगबलीचा फोटो चिकटवला होता. पॅसेंजरची नजर सारखी तिकडे जाते, मग ते कटकट करतात, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या एकाने रेडिएटरची गळती थांबवायला त्यात पाव किलो हळद ओतली होती. गळती थांबली, पण इंजिन तापलं की गाडीतून वरणाला फोडणी दिल्यासारखा वास यायचा. ते रेडिएटर धुताना माझं आठवडाभर हळदीचं लग्न लागलं होतं.

सुईच्या हालचालीवरून बरंच कळतं. ती झटक्यात उडी मारून वर जात असेल तर इंजिन बहुधा ठणठणीत असतं, कुठेतरी तार ढिली असते. ती हळूहळू चढत असेल आणि हळूहळू उतरत असेल तर मात्र खरंच पाण्यात काही बिघडलेलं असतं. पुष्कळदा पाण्यात हवा शिरलेली असते. हवेचा फुगा फिरत फिरत सुईच्या सेन्सरपाशी आला की आकडा भलताच दिसतो, फुगा पुढे सरकला की परत ठीक. अशा वेळी मी गाडीचा हीटर लावायला सांगतो. इंजिन तापलेलं असून हीटरमधून गार वारा आला की समजायचं, पाणी जिथे असायला हवं तिथे हवा आहे.

हे सगळं मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. त्यांची एक सक्त ताकीद होती: "पहले मालिक से बात करो, फिर बोनट खोलो." गाडी कुठे जाते, कोण चालवतं, पाणी कुणी भरलं, कधी भरलं, हे विचारल्याशिवाय पाना उचलायचा नाही. मी ती तेहतीस वर्षं पाळली. एकदाच मोडली, आणि ती कुमुदताईंच्या बाबतीत. त्याचीच ही हकिगत.

कुमुदताई आमच्या गल्लीतल्या. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, गणित शिकवायच्या. लहानपणी मी त्यांच्याकडून त्रैराशिकापायी धपाटेही खाल्ले आहेत. नवरा वारल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी गाडी चालवायला शिकून एक लहान पांढरी गाडी घेतली. गल्लीला वाटलं, बाईंचं दुःखाने डोकं फिरलं. पण त्यांचा हिशेब पक्का होता. रामनगरच्या पुढे एका खेड्यात दहावी-बारावीच्या मुलींना गणित शिकवायला कुणी नव्हतं आणि तिकडे वेळेवर पोचवील अशी सवारी मिळत नव्हती. तेव्हापासून रविवार सोडून रोज त्या गाडी घेऊन पूल ओलांडतात. गाडी वरच्या रस्त्यावर एका धर्मशाळेच्या आवारात उभी असते. गाडीची पूजा अर्थातच अण्णांनी केली होती.

त्यांचा मुलगा समीर पुण्यात असतो. आईने पुण्याला यावं म्हणून तो सतत मागे लागलेला असतो. आईची काळजी वाटते, त्यात त्याचं चुकत नाही. कुमुदताई दर वेळी एकच उत्तर देत, गाडी आहे तोवर मी कुणावर अवलंबून नाही. शेवटी दोघांत असं ठरलं की ज्या दिवशी गाडी भरवशाची राहणार नाही, त्या दिवशी ती विकायची आणि ताईंनी पुण्याला जायचं. बाई शब्दाच्या पक्क्या. म्हणजे त्यांचं काशीत राहणं त्या पांढऱ्या गाडीवर येऊन ठेपलं होतं.

मागच्या फाल्गुनात त्या पहिल्यांदा गॅरेजात आल्या.

"विनायक, सुई पुलावर चढताना बिलकुल वर जाते आणि उतरताना खाली येते. माझे डोळे खराब झाले की गाडी?"

मी हीटर लावला. वारा गार. म्हणजे हवा. त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, इंजिन निवल्यावर कामाला लागलो. थर्मोस्टॅट काढला तर त्याच्या कडेला बारीक, चकचकीत गाळ बसला होता. जुन्या पाण्यात काय काय असतं, म्हणून मी तो पुसून टाकला आणि नवा थर्मोस्टॅट बसवला. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं तयार पाणी, भरलं, हवा काढली, झाकण लावलं. गाडी शहाण्यासारखी चालायला लागली.

तेरा-चौदा दिवस झाले आणि त्या परत आल्या. तीच तक्रार. या वेळी मी सेन्सर बदलला, पंखा तपासला, रेडिएटरचं झाकणही नवं टाकलं. दाबाचा पंप लावून सगळ्या नळ्या तपासल्या. कुठे एक थेंब गळती नाही. गाडी परत ठीक.

पुन्हा पंधरवडा उलटला आणि पुन्हा कुमुदताई. या वेळी त्या हसल्या नाहीत. मुलींची बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती आणि त्या आदल्या दिवशी पुलावर अर्धा तास बोनट उघडून उभ्या राहिल्या होत्या. कुणीतरी त्यांचा त्या अवस्थेतला फोटो काढला आणि तो फिरत फिरत समीरपर्यंत पुण्याला पोचला.

आता माझंही डोकं तापलं होतं. पाण्यात हवा आहे हे नक्की. नळ्या घट्ट आहेत, झाकण नवं आहे. मग हवा येते कुठून? मी रेडिएटर उघडून इंजिनाला थोडा वेग दिला, तर तोंडाशी बुडबुडे आले. इंजिनाचे दोन भाग जिथे जोडतात तिथे मध्ये एक पातळ पत्रा असतो, त्याला गॅस्केट म्हणतात. जाळ आणि पाणी यांना वेगळं ठेवणारा तोच. तो फाटला की जाळाचा वायू पाण्यात शिरतो. मी बुडबुडे पाहिले आणि निकाल देऊन मोकळा झालो. म्हणालो, "ताई, गॅस्केट गेलं. इंजिन उघडावं लागेल. उघडल्यावर आत आणखी काय निघेल ते आज सांगता येत नाही."

समीरचा फोन तिथेच आला. ताईंनी तो माझ्या हातात दिला आणि मी त्यालाही हेच ऐकवलं, वर आणखी म्हणालो की अशी उघडलेली इंजिनं पुन्हा पहिल्यासारखी होतीलच असं नाही. मी खरं तेच सांगतो आहे, असं मला वाटत होतं. फोन परत घेऊन कुमुदताई थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग "ठीक आहे" म्हणाल्या. त्यांनी मला सांगितलं की समीरने शोधलेलं रामनगरचंच एक गिऱ्हाईक गाडी आहे तशी घ्यायला तयार आहे, परीक्षा संपली की ते घेऊन जाईल. तोवर गाडी कशीबशी चालेल ना, एवढंच विचारलं. मी कूलंट भरून, हवा काढून दिली आणि म्हणालो, हळू चालवा, सुई चढली की थांबा.

त्या गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. गॅस्केट फाटलं की ते फाटलेलंच राहतं. ते पंधरा दिवस बरं राहून सोळाव्या दिवशी आजारी पडत नाही. हे मला त्याच क्षणी सुचायला हवं होतं, पण माणूस एकदा निकाल देऊन बसला की त्याच्या विरुद्धचा पुरावा त्याला नकोसा होतो.

त्या संध्याकाळी मी कामाची वही घरी नेली. तिच्यात मी प्रत्येक गाडीचं काय केलं आणि कधी केलं ते लिहितो. अण्णा ओसरीवर पंचांग उघडून यजमानांसाठी पुढच्या महिन्याच्या तिथी काढत बसले होते. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, कुमुदताई काशी सोडून चालल्या आणि मला ते थांबवता येत नाहीये. अण्णांना गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण ते म्हणाले, केव्हा केव्हा बिघडली ते वाच बघू. मी पहिली तारीख वाचली. अण्णांनी सवयीने पंचांगावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "त्रयोदशी." मी दुसरी वाचली. "द्वादशी." तिसरी वाचली. "परत त्रयोदशी." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या गाडीला एकादशीचा उपास सोसत नाही असं दिसतं."

ते थट्टेत बोलले, पण मी वही खाली ठेवली. मला तो थर्मोस्टॅटवरचा चकचकीत गाळ आठवला. तसा गाळ मी लहानपणापासून बघत आलो आहे. आमच्या देवघरातल्या गंगाजलाच्या घागरीच्या तळाशी तोच असतो.

मी विचारलं, "अण्णा, गाडीच्या पूजेच्या वेळी तुम्ही कुमुदताईंना काय सांगितलं होतं?"

त्यांनी सरळपणे सांगितलं. पूजा झाल्यावर वाहनाच्या मुखात गंगोदक घालायचं आणि पुढे दर एकादशीला घाटावरून येताना लोटीभर घालत जायचं. हे कुठल्या पोथीत आहे म्हटल्यावर ते जरा अवघडले. पोथीत नाही. पूर्वी एका यजमानाच्या जीपमध्ये ड्रायव्हर पाणी भरताना त्यांनी पाहिला होता. वाहनाला पाणी प्यायला तेवढंच एक तोंड दिसलं, म्हणून त्यांनी ते विधीत घेतलं. गेली कित्येक वर्षं ते सगळ्यांना हेच सांगत आले आहेत.

शहाऐंशी वर्षांच्या वडिलांना तुमच्या विधीने गाडी बिघडते हे सांगायचं कसं? पण मी सांगितलं. अण्णांनी पंचांग मिटलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "हे तू तिला पहिल्याच दिवशी का नाही विचारलंस?"

उस्ताद जाऊन बारा वर्षं झाली. ते वाक्य त्यांच्या तोंडचं होतं आणि ते माझ्या वडिलांनी म्हटलं. अनोळखी गिऱ्हाइकाला मी वीस प्रश्न विचारतो. कुमुदताईंना मी जन्मापासून ओळखतो, त्यांना काय विचारायचं, असं धरून चाललो. त्यांनी एकदाही रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नसेल हे मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. या एका गोष्टीची मला आजही लाज वाटते.

तरी कोडं पुरतं सुटलं नव्हतं. गार इंजिनात लोटीभर पाणी घातल्याने आत गाळ जातो, कूलंट पातळ होतं, पण हवा शिरत नाही. शिवाय पाच वर्षं त्या पाणी घालत होत्या, मग गाडी आत्ताच का बिघडावी? पुढची एकादशी यायला बारा-तेरा दिवस होते. मी ठरवलं, त्या दिवशी समोर उभं राहून पाहायचं. अण्णा म्हणाले, मीही येणार. माझ्या सांगण्याने झालं असेल तर ते मला बघू दे.

एकादशीच्या सकाळी अण्णा काठी टेकत पायऱ्या चढले. तरणा माणूस पाच मिनिटांत चढतो, त्यांना अर्धा तास लागला. तेहतीस वर्षांत मी काम करत असलेल्या कुठल्याही गाडीपाशी ते आले नव्हते. धर्मशाळेच्या आवारात कुमुदताई ओलेत्या केसांनी, हातात लोटी घेऊन नुकत्याच पोचल्या होत्या. आम्हा दोघांना पाहून त्या चकित झाल्या. मी म्हटलं, ताई, तुम्ही रोजच्यासारखं करा, आम्ही फक्त बघतो.

चौकीदाराने बोनट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढून दिलं आणि बाजूला झाला. ताईंनी मंत्र म्हणत पाणी घातलं. मग झाकण त्यांनी स्वतः लावलं; ते दुसऱ्याला लावू द्यायचं नाही असा त्यांचा नेम. त्यांनी ते ठेवलं, फिरवलं, ते जरासं अडलं तशा त्या थांबल्या आणि हात जोडले.

मी पुढे होऊन झाकणावर हात ठेवला आणि दाबून फिरवलं. ते आणखी चांगलं पाव वळसा गेलं.

या झाकणाला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेवर ते नुसतं अडकतं, आतली वाफ बाहेर निघून जावी म्हणून. दुसऱ्या खाचेपर्यंत न्यायला स्प्रिंगवर जोर देऊन फिरवावं लागतं, तेव्हा कुठे ते खरं बंद होतं. कुमुदताईंचं झाकण पहिल्या खाचेवरच राहत होतं. गाडी तापली की थोडं पाणी वाफेने निघून जायचं, गार झाली की त्या जागी हवा शिरायची, आणि दोन दिवसांत सुई नाचू लागायची. मग त्या माझ्याकडे यायच्या. मी झाकण उघडायचो आणि शेवटी व्यवस्थित घट्ट लावायचो, म्हणून पुढच्या एकादशीपर्यंत सगळं ठीक. बुडबुडेही त्याच उरलेल्या हवेचे. माझा हात इतका सरावलेला की झाकण उघडताना ते कोणत्या खाचेवर आहे हे तीनही वेळा मला जाणवलंच नाही. नवशिक्या असतो तर जाणवलं असतं.

मी हे सांगत असताना कुमुदताई आपल्या बोटांकडे बघत होत्या. हिवाळ्यापासून बोटांची पेरं सुजली होती. पूर्वी झाकण उघडायच्याही त्याच; आता चौकीदाराला सांगावं लागत होतं. ही गोष्ट त्यांनी समीरला कळू दिली नव्हती, आम्हालाही नाही.

"म्हणजे खराबी माझ्याच हातात होती," त्या म्हणाल्या.

"ताई, झाकण घट्ट बसलं नाही ही एक गोष्ट झाली," मी म्हणालो. "न विचारता गॅस्केट गेलं म्हणणारा मी. चूक माझी आहे आणि ती मीच निस्तरतो."

मी त्यांच्याच फोनवरून समीरला फोन लावला. सांगायला जड गेलं, खोटं कशाला बोलू. समीर म्हणाला, "काका, पण तुम्हीच तर सांगितलंत इंजिन उघडावं लागेल." मी म्हणालो, हो, आणि ते चूक होतं. इंजिनाला काही झालेलं नाही. झाकण नीट लागत नव्हतं, ते आता लागेल. गाडी भरवशाची आहे, तू गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव. तो म्हणाला, एक महिना बघू. बोटांचं मी बोललो नाही. ते आईने मुलाला सांगायचं होतं, आणि त्यांनी ते त्याच आठवड्यात सांगितलं, डॉक्टरकडे जाऊन आल्यावर. गाडीचं स्टिअरिंग हलकं आहे, त्याचा त्रास त्यांना आधीही नव्हता आणि आताही नाही.

अण्णा इतका वेळ बोनटपाशी वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "यात अग्नी कुठे आहे?" मी इंजिन दाखवलं. "आणि उदक?" मी रेडिएटर दाखवलं, नळ्या दाखवल्या, पाणी कसं फिरतं ते सांगितलं. त्यांनी सगळं नीट समजून घेतलं. मग झाकणाच्या दोन्ही खाचांवर बोट फिरवून म्हणाले, "परत एकदा लावून दाखव." मी तीनदा लावून दाखवलं.

विधी बंद करावा असं मला वाटत नव्हतं. ताईंची त्या लोटीवर श्रद्धा होती, आणि खरं सांगायचं तर माझीही आहे. मी बोनटच्या कोपऱ्यातलं निळं टोपण उघडलं. ती समोरची काच धुण्याच्या पाण्याची टाकी. टोपण एका बोटाने निघतं, आत ना जोर ना वाफ. अण्णांना म्हटलं, पाणी फडक्यातून गाळून इथे घातलं तर कुणाचंच काही बिघडणार नाही. या पाण्याचं पुढे काय होतं, त्यांनी विचारलं. मी आत बसून बटण दाबलं. काचेवर दोन बारीक धारा उडाल्या, वायपर फिरला आणि चार थेंब अण्णांच्या कपाळावर पडले. त्यांनी ते पुसले नाहीत. म्हणाले, "हे बरं आहे. हा अभिषेकच झाला."

त्या दिवशी मी पाणी बदलून, हवा काढून गाडी ताईंच्या ताब्यात दिली. त्या पूल ओलांडून शिकवायला गेल्या. सुई मध्याच्या जरा खाली जाऊन बसली ती हललीच नाही. महिना झाला, दोन एकादश्या झाल्या, मुलींची परीक्षा पार पडली, समीरने पुन्हा विषय काढला नाही. आता दर एकादशीला गॅरेजसमोरून जाताना कुमुदताई गाडी हळू करतात, समोरची काच धुतात आणि बोट आडवं धरून सुई कुठे आहे ते मला दाखवतात. गॅरेजातली माणसं हसतात. मी काम थांबवून तेवढं बघतो.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी अण्णांचा फोन आला, असशील तसा धर्मशाळेत ये. मी घाबरून स्कूटर काढली. पाहतो तर तिथे एक नवी कोरी गाडी, तिला झेंडूचा हार, आणि नागपूरकडून बँकेत बदलून आलेलं एक तरुण जोडपं. पूजा चालू होती. मी गिअरबॉक्सचं काम टाकून आलो होतो, कोपरापर्यंत काळा. कडेला उभा राहिलो.

अण्णांनी मला हाताने पुढे बोलावलं आणि त्या दोघांना म्हणाले, "हा माझा धाकटा मुलगा. मोटार मेकॅनिक आहे. गाडीचं कुठलं झाकण उघडायचं आणि कुठलं नाही, ते याच्याकडून समजून घ्या."

मी समजावून सांगितलं, काय सांगितलं ते मला आठवत नाही. निळं टोपण उघडून, त्यावर फडकं धरून मागे सरलो. तर अण्णांनी गंगाजलाची लोटी त्या यजमानाला न देता माझ्यापुढे धरली.

"हात धुऊन येतो," मी म्हणालो.

"असू दे," अण्णा म्हणाले. "घाल तू."

मी पाणी घातलं आणि लोटी परत दिली. तांब्यावर माझ्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. अण्णांनी ती तशीच हातात धरली आणि पुढचा मंत्र सुरू केला.